डेलाचा राग

विस्कॉन्सिन
१२ एप्रिल २०२२

वन्सं,

तुमचं पत्र पोचलं. पहिल्या पानावर तुमच्याकडचं हवापाणी, दुसऱ्यावर कुणाच्या घरी किती रजया शिवून झाल्या, आणि खरा विषय तिसऱ्या पानाच्या तळाशी बारीक अक्षरात: ‘डेलाने म्हणे अंडी फोडली.’ एवढंच विचारायचं होतं तर कार्ड टाकलं असतंत तरी चाललं असतं.

हो, फोडली. टोपलीभर फोडली. खुराड्यातून गोळा करून आणायला सांगितली होती, ती तिने गोठ्याच्या दारावर नेम धरून एकेक मारली. कारण काय, तर आमचा रूबेन तिला म्हणाला, ‘हळू चाल, फुटतील.’ मग माझ्याजवळ आली, एप्रनमध्ये तोंड खुपसलं आणि रडली. म्हणाली, ‘आई, माझ्या आत कुणीतरी ओरडतं आणि तोंड माझं वापरतं.’ नऊ वर्षांची पोर आहे, वन्सं.

हे गोळीमुळे होतं, ते मला ठाऊक आहे. तुमच्यापासून लपवण्यात अर्थ नाही. आमच्या शहरातल्या डॉक्टरीणबाईंनी मागच्या शरदात गोळी सुरू केली, आणि तेव्हापासून डेलाला आकडी आलेली नाही. एकही नाही. त्याआधी काय होतं ते तुम्ही ऐकलंय, पाहिलेलं नाही. चुलीपाशी उभी असताना पडली, तेव्हा तिचं कोपर भाजलं. शाळेच्या आवारात पडली, तेव्हा दात ओठात रुतला. मी तिला विहिरीकडे, घोड्याजवळ, जिन्यावर एकटी सोडत नव्हते. आता ती एकटी कोंबड्यांकडे जाते. अंडी फोडते, पण जाते.

आपल्या आमिश लोकांची मला एक गंमत वाटते. डेला पडायची तेव्हा घरोघरून सूप यायचं. आता ओरडते, तर घरोघरून उपदेश येतो. मुलीने नम्र असावं, आवाज चढवू नये, हे मला जन्मापासून माहीत आहे. पण पडणारी आणि ओरडणारी, यातली एकच मिळणार असेल तर मला ओरडणारी द्या.

तुमची
ऑर्फा


ओहायो
३ मे

ऑर्फा,

तुझं पत्र दोनदा वाचलं, कारण पहिल्यांदा वाटलं की पोस्टमनने चुकून दुसऱ्या कुणाच्या भावजयीचं टाकलं.

हे बघ, मेनोला मी वाढवलं. आई गेली तेव्हा तो माझ्या स्कर्टला लोंबकळत चालायचा. तुला सासू नाही, म्हणून मला सासूपणाही करावा लागतो आणि नणंदपणाही, आणि दोन्हींची बोलणी मीच खाते. तेव्हा एकदा सरळ बोलू दे. जे औषध लेकराचा स्वभाव पालटतं ते औषध नव्हे. देवाने दिलेली मुलगी गोड होती. मी तिला मांडीवर घेतलंय, मला माहीत आहे. तुझ्या डॉक्टरीणबाईंनी तुला दुसरीच मुलगी दिली आणि तू ती मुकाट्याने घरी घेऊन आलीस.

गोळ्यांनी माणसाचं काय होतं ते या घराला कुणी शिकवायला नको. आमच्या मधल्या भावाचं, इनॉसचं काय झालं ते मेनोला विचार. त्याला आठवत नसेल, लहान होता. मला आठवतं.

उन्हाळ्यात डेलाला माझ्याकडे पाठव. स्ट्रॉबेरी आहेत, मटार आहेत, हाताला काम आणि मनाला शांतता मिळेल. तुलाही जरा श्वास घेता येईल, तुझ्या अक्षरावरून तू थकलेली दिसतेस. गोळ्या देईन मी. मला घड्याळ कळतं.

हेही तेच म्हणतात. तुमच्या वस्तीला अजून स्वतःचा बिशप नाही, नावं अजून आमच्याच मंडळीत आहेत. तेव्हा ह्यांचा शब्द मंडळीचे डीकन म्हणून घे, नाहीतर घरचा म्हणून घे.

सोविला


विस्कॉन्सिन
१४ जून

वन्सं,

पाठवते आहे. मेनोचा हट्ट आणि माझा थकवा, दोघांनी मिळून मला हरवलं. हे पत्र तिच्याच हाती देते आहे.

गोळी सकाळी एक, संध्याकाळी एक. एक वेळ जेवण चुकलं तरी चालेल, गोळी चुकायची नाही. हे औषध एकदम थांबवलं तर आकडी पहिल्यापेक्षा मोठी येऊ शकते आणि थांबतच नाही, असं डॉक्टरीणबाईंनी मला बजावून सांगितलं आहे. कमी करायचं तरी त्यांना विचारून, हळूहळू. निळ्या कापडी पिशवीत नाकात मारायचा फवारा आहे. आकडी आली आणि लवकर थांबली नाही, तर तिला कुशीवर वळवायचं, फवारा मारायचा आणि ॲम्ब्युलन्स बोलवायची. मग प्रार्थना करा. या क्रमाने.

ती ओरडेल. ओरडू द्या. हात उचलू नका आणि बायबलमधलं वचन तोंडावर मारू नका. थोड्या वेळाने आपणहून जवळ येते. तिला खारवलेली काकडी आवडते, ती पुढे केली की भांडण मिटतं.

ऑर्फा


ओहायो
१३ जुलै

ऑर्फा,

बसून वाच. नवल आहे.

डेला कोकरू झाली आहे! पहिल्या आठवड्यात तिने माझ्याशी भांडण काढलं, दार आपटलं, ह्यांना ‘तुम्ही सारखे घसा का खाकरता?’ असं विचारलं. (खरं सांगायचं तर तो प्रश्न मला लग्न झाल्यापासून विचारायचा होता.) आणि आता? सकाळपासून पडवीत बसून मटार सोलते. आवाज म्हणून नाही. दुखणं उतरवणाऱ्या हेन्री आजोबांनी तिच्या डोक्यावरून हात फिरवला, पुटपुटून प्रार्थना केली, आणि मी पुदिन्याचा काढा देते. तुझी जुनी डेला परत आली आहे.

काल जेवताना तिच्या हातातला चमचा दोनदा खाली पडला. कुरकुर नाही, रडणं नाही, नुसती खिडकीकडे बघून गोड हसली. हाक मारली तर ऐकूही आली नाही, इतकी आपल्यातच तल्लीन. आज वेणी घालताना तिचे खांदे दचकल्यासारखे उडाले. मी म्हटलं, आई आठवण काढते आहे बघ. त्यावरही हसली.

गोळ्यांची काळजी करू नकोस. त्या जागच्या जागी आहेत.

येत्या रविवारी मंडळी उपासनेला आमच्याच घरी जमणार आहे. बाकं आली, पीनट बटर कालवून झालं, पाय ठेवायला जागा नाही. डेलाला मी माझ्याजवळ बसवीन. बायका बघतील तरी, की मूल असंही असू शकतं.

तुझी
सोविला


ओहायो
२ ऑगस्ट

ऑर्फा मेनो श्लाबाख हिस,

हे पत्र मी ह्यांच्या सांगण्यावरून लिहिते आहे आणि ह्यांनी ते वाचलं आहे.

डेला घरी पोचली आणि तिच्या उजव्या हातात पुन्हा बळ येतं आहे, असं मेनोने कळवलं. प्रभूचे आभार.

मंडळीसमोर पुढील गोष्टी आल्या आहेत. तुझा नवरा सोमवारी निघू म्हणत असताना तू त्याचं ऐकलं नाहीस. तू रविवारी, प्रभूच्या दिवशी, बाहेरच्या बाईच्या मोटारगाडीतून प्रवास केलास. तू डोक्यावर धड टोपी नसताना, गोठ्यातल्या एप्रनवर, उपासना चालू असताना आत आलीस. ‘बंद करा ते गाणं’ असं तू ओरडलीस. डीकन मध्ये आले तेव्हा ‘बाजूला व्हा, म्हातारे’ असं तू त्यांना सर्वांदेखत म्हणालीस.

शरदातल्या प्रभुभोजनाआधी जी बैठक होते, तिच्यात तू येऊन गुडघे टेकून कबुली द्यावीस. यापुढे डेलाच्या औषधपाण्याचं नवऱ्याच्या आणि वडीलधाऱ्यांच्या सल्ल्याने ठरवशील, असं वचनही द्यावंस. न दिल्यास काय होतं ते तुला माहीत आहे. मंडळी तुला बाहेर काढील, तुझं ताट वेगळं होईल.

सोविला


विस्कॉन्सिन
१० ऑगस्ट

वन्सं,

जोनासभाऊजीही वाचणार असतील, तर त्यांना चष्मा लावायला सांगा.

सगळे आरोप खरे आहेत. एक राहिला, तो मी घालते: टपालपेटीपाशी तुमचं पत्र वाचताना माझ्या तोंडून एक शब्द निघाला, तो मी इथे लिहू शकत नाही.

तुम्हाला वाटलं असेल, मी ‘कोकरू’ वाचून आनंदाने रडले. मी वाचलं ‘चमचा दोनदा पडला’ आणि तिथेच खडीवर बसले. हाक ऐकू येत नाही, उगाच हसते, खांदे उडतात. वन्सं, ती प्रार्थनेत तल्लीन नव्हती. त्या छोट्या आकड्या होत्या, मोठी येण्याआधीच्या. मी दोन वर्षांत त्या ओळखायला शिकले आहे, जशा तुम्ही पावसाचे ढग ओळखता. आणि तिचा राग गेला, म्हणजे गोळी गेली, हे कळायला मला पुढची ओळ वाचावी लागली नाही.

तुमच्या गल्लीच्या तोंडाशी सगळ्यांची मिळून जी फोनची खोली आहे, तिथल्या यंत्रावर मी निरोप ठेवला. पुन्हा ठेवला. शनिवारी संध्याकाळी तिथे कोण जातं? मेनो म्हणाला, उद्या रविवार आहे, सोमवारी पहाटे निघू, सोविला सांभाळेल. मी म्हटलं, सोविलाच तर सांभाळते आहे. शेजारच्या कोवाल्स्कीबाई सॉसेज तळत होत्या. त्यांनी शेगडी बंद केली, गाडीची किल्ली घेतली आणि रात्रभर गाडी चालवली. त्या देवळात जात नाहीत, वाटेत शिव्या देतात, आणि त्यांच्याइतकी चांगली बाई मला या वर्षात भेटलेली नाही.

आता तुमच्या घरात मी काय पाहिलं ते लिहिते, कारण तुमच्या पत्रात ते कुठेच नाही. बायकांच्या बाकांमध्ये डेला जमिनीवर पडली होती. डोक्याखाली शाल होती. अंग ताठ होऊन झटके देत होतं आणि ओठ जांभळे पडले होते. आणि तुम्ही सगळे गात होता! तिचा आवाज ऐकू येऊ नये म्हणून की काय, गाणं थांबवण्याऐवजी वरच्या पट्टीत चढवलं होतं. मी विचारलं, ‘किती वेळ झाला?’ कुणी सांगू शकलं नाही. प्रत्येकीने आपल्या कडव्यावर लक्ष ठेवलं होतं.

म्हणून मी ओरडले. पुन्हा तसंच झालं तर पुन्हा ओरडेन, याहून मोठ्यांदा. भाऊजी मध्ये आले आणि म्हणाले, ‘बाई, शांत हो.’ वन्सं, त्या घरात शांत अशी एकच होती, आणि ती मरत होती.

फवाऱ्याची पिशवी तुम्ही धावत जाऊन माडीवरून आणलीत. ते मी विसरलेले नाही. पण पिशवीबरोबर गोळ्यांची बाटलीही तुमच्या हातात आली होती. जागच्या जागी होती खरी. जवळजवळ भरलेली.

फवाऱ्याने झटके कमी झाले, थांबले नाहीत. थांबले ते हॉस्पिटलमध्ये, सुईने. त्यानंतर ती मला ओळखेना. उजवा हात लाकडासारखा पडून होता. मी तिथे बसून देवाशी जे बोलले त्याचीही कबुली हवी असेल तर मंडळीने आणखी एक बैठक ठेवावी. आणि मग एका सकाळी ती डोळे उघडून किंचाळली, ‘माझे बूट कुणी काढले?’ नर्स दचकली. मी आयुष्यात इतका गोड आवाज ऐकला नव्हता.

गुडघे टेकणार नाही. वचन देणार नाही. गुडघे टेकले की त्याबरोबर गोळीची बाटलीही तुमच्या हवाली करायची, असं तुम्ही ठरवलंय, आणि ती मी एकदा करून पाहिली.

मला एवढंच सांगा, तुम्ही असं का केलंत? तुम्ही दुष्ट नाही. दुष्ट असतात तर मला सोपं गेलं असतं.

ऑर्फा


ओहायो
२९ ऑगस्ट

ऑर्फा,

हे पत्र ह्यांनी वाचलेलं नाही. ते घोड्याचे नाल ठोकून घ्यायला गेले आहेत.

मेनोला विचारलंस का इनॉसचं? विचारलं असशील तर तो म्हणाला असेल, झोपाळू होता. त्याला तेवढंच आठवणार.

इनॉस झोपाळू नव्हता. तो झाडावर चढायचा, बदकांच्या मागे पळायचा, जेवताना इतकं बोलायचा की वडील चमच्याने टेबल वाजवायचे. सहा वर्षांचा असताना त्याला आकडी सुरू झाली. डॉक्टरने गोळी दिली. आकड्या कमी झाल्या. मग तो पायरीवर बसायला लागला. नुसता बसायचा. अक्षरं शिकला होता ती विसरला. तोंडातून लाळ गळायची. वडिलांनी डॉक्टरला सांगितलं की मुलगा मंद झालाय, तर डॉक्टर म्हणाला, आजारच तसा आहे, आणि मात्रा वाढवली. आपले लोक डॉक्टरला उलट विचारत नाहीत. उलट कुणालाच विचारत नाहीत. एका हिवाळ्यात त्याच्या छातीत कफ साठला आणि त्याला खोकण्याचीही शुद्ध नव्हती.

आई आजारी असायची, म्हणून गोळी मी भरवायची. त्याला ती कडू लागायची. मी नाक दाबून भरवायचे.

डेला आली तेव्हा मी पहिले दिवस गोळी नेमाने दिली, खोटं बोलत नाही. पण रोज सकाळी तिने तोंड उघडलं की मला दुसरंच तोंड दिसायचं. एका दिवशी अर्धी दिली. काही झालं नाही. मग बाटलीला झाकण लावलं ते लावलं. आणि ती शांत झाली, ऑर्फा. मला वाटलं, या वेळी मी वेळेवर थांबले.

तुझं पत्र वाचून मी परसात जाऊन उभी राहिले. रडले असं लिहिणार नाही, तुला ते पटणार नाही. पण एक सांगते, चारचौघांत ह्यांना ‘म्हातारे’ म्हणायला नको होतंस. ते मनाला लावून घेतात. त्या दिवसापासून केस पुढे घेऊन विंचरतात.

बैठक ९ ऑक्टोबरला आहे. रीत तुला माहीत आहे. आधी बिशप मांडतात, मग ह्यांनी बायकांच्या बाकांवरून फिरून प्रत्येकीला विचारायचं, मान्य आहे का. सगळ्यांचं एक मत लागतं. ते नेहमी असतं. माझ्या आठवणीत कुणी ‘नाही’ म्हटलेलं नाही. तेव्हा तू ये आणि गुडघे टेक. दोन वाक्यं म्हणायची आणि उठायचं, गुडघ्यांना तेवढ्याने काही लागत नाही. वेगळं ताट फार वाईट असतं, ऑर्फा. माझ्या मावशीचं होतं. ती खिडकीकडे तोंड करून जेवायची.

सोविला


विस्कॉन्सिन
१८ सप्टेंबर

वन्सं,

मी मेनोला तुमचं पत्र वाचून दाखवलं. तो मधेच उठून गोठ्यात गेला. दूध काढून झालेलं होतं. परत आला तेव्हा म्हणाला, ‘मी सोमवारी म्हटलं होतं. सोमवारी काय शिल्लक असतं?’ तेव्हापासून संध्याकाळची गोळी तोच देतो.

इनॉसबद्दल तुम्ही जे लिहिलंत त्यात तुमची काही चूक नाही. तुम्ही चौदा वर्षांच्या होतात. पण तुम्ही त्यातून घेतलेला धडा मला मान्य नाही. इनॉसला गोळी मिळाली ही चूक नव्हती. त्याला काय होतंय ते घरात सगळ्यांना दिसत होतं, आणि डॉक्टर एकदा ‘असंच असतं’ म्हणाला की सगळे गप्प बसले, ही चूक होती. तुम्हाला गोळीची भीती बसली. मला गप्प बसण्याची बसली आहे.

म्हणून मी डॉक्टरीणबाईंशीही भांडले. तुम्हाला वाटतं मी त्यांच्या मुठीत आहे. आधी मी रागाचं सांगितलं होतं तेव्हा त्या म्हणाल्या होत्या, ‘आकडी थांबली ना? मग थोडी चिडचिड चालायचीच.’ या वेळी मी खुर्चीवर बसले आणि उठले नाही. म्हटलं, ‘थोडी तुमच्या कागदावर असेल. माझ्या घरात ती रोज जेवायला बसते. तिने माझ्या मुलीला सांगितलंय की तू वाईट आहेस, आणि मुलीने ते खरं मानलंय. याच भीतीने एका घरात गोळी बंद झाली आणि पोर मरता मरता वाचली. तुम्ही आमिश बाई म्हणून मला हळू आणि मोठ्यांदा समजावू नका. मला कमी ऐकू येत नाही. दुसरं औषध आहे की नाही, एवढं सांगा.’

आहे, वन्सं. होतं. विचारलं म्हणून निघालं. पण ते एकदम देता येत नाही, अगदी थोडं थोडं वाढवावं लागतं. क्वचित अंगावर पुरळ उठतं, आणि ते वाईट असू शकतं, म्हणून मी रोज तिची पाठ आणि तोंडाच्या आतली बाजू बघते. तोवर जुनी गोळीही चालू, नंतर ती हळूहळू कमी. नवीन औषध लागू पडेलच अशी हमी नाही. मी हमी मागितली तर त्या खरंच बोलल्या: ‘देता येत नाही. पण आकडीची किंमत आपल्याला माहीत आहे, आणि या गोळीचीही. आपण दोन्ही बाजूंनी डोळे उघडे ठेवू.’ त्या दिवशी मला त्या पहिल्यांदा आवडल्या.

डेला अजून ओरडते. पण मी तिला सांगितलंय, आत जो ओरडतो तो गोळीचा पाहुणा आहे, तू नाहीस, आणि आपण त्याला जायला सांगितलंय. काल तिने रूबेनला ढकललं आणि लगेच म्हणाली, ‘हे पाहुण्याने केलं, पण माफी मी मागते.’ मंडळीतल्या किती मोठ्या माणसांना एवढं जमतं?

बैठकीला मी येणार नाही. औषध बदलण्याच्या दिवसांत तिला सोडून मी कुठेही जाणार नाही. माझं ताट वेगळं करायचं तर करा. मी डेलाशेजारी जेवते. ती खाताना तिच्या हातातल्या चमच्याकडे माझं लक्ष असतं, खिडकीकडे बघायला मला सवड नाही. बिशपना सांगा, ऑर्फाला पश्चात्ताप एकाच गोष्टीचा आहे: ती शनिवारी, इतक्या उशिरा निघाली. तिने जूनमध्येच मुलीला पाठवायला नको होतं.

ऑर्फा


ओहायो
१० ऑक्टोबर

ऑर्फा,

काल बैठक झाली. तुझ्यापर्यंत बातमी दुसरीकडून पोचण्याआधी मीच लिहिते, नाहीतर त्यात मीठमसाला पडेल.

बिशपांनी मांडलं. मुलं आणि बाप्तिस्मा न झालेले बाहेर गेले. नंतर पुरुषांची मतं झाली, सगळ्यांचं मान्य. मेनो तुझ्या बाजूने बोलायला आला असता तर बरं झालं असतं, पण तो तुमच्याजवळ राहिला हेच बरं. मग हे बायकांकडे आले. म्हातारी फॅनी म्हणाली, मान्य. तिच्या दोघी सुना म्हणाल्या, मान्य. हे एकेकीपुढे वाकून विचारत होते, जसं नेहमी विचारतात, उत्तर ठाऊक असल्यासारखं. माझ्यापुढे आले आणि तसेच पुढे जायला लागले. म्हणजे माझं त्यांनी गृहीतच धरलं होतं!

मी म्हटलं, ‘नाही.’

ते थांबले. मला वाटतं त्यांना वाटलं मी शिंकले. पुन्हा विचारलं. मी पुन्हा सांगितलं, या वेळी जरा मोठ्यांदा, कारण पुरुषांच्या बाकांवरही कळलं पाहिजे असं मला वाटलं. त्यांनी घसा खाकरला. म्हणाले, ‘सोविला, कारण?’

बायकांनी कारण द्यायचं नसतं. मला कुणी ते कधी विचारलंच नव्हतं, म्हणून तयारी नव्हती. मी उभी राहिले. म्हटलं, ‘बाटली मी बंद केली. मुलगी माझ्या घरात, माझ्या पायाशी पडली आणि मी गात होते. तिसरं कडवं चाललं होतं, आणि मी तेही चुकू दिलं नाही. ऑर्फा नसती आली तर आपण चौथं म्हटलं असतं आणि मग तिला पुरलं असतं. गुडघे कुणी टेकायचे ते आधी ठरवा.’ आणि मग, ऑर्फा, मी बसायला हवं होतं. पण तोंड थांबेना. मी म्हटलं, ‘आणि मीही टेकणार नाही, जोपर्यंत तुमच्यापैकी एकेकजण सांगत नाही की तो त्या वेळी का गात होता.’

मग माझ्या मागे बसलेली एमलिन योडर, जिच्या नातवालाही आकडी येते आणि जिने ते आजवर कुणाला सांगितलं नव्हतं, ती म्हणाली, ‘माझंही नाही.’ ह्यांनी तिला विचारलंही नव्हतं.

बैठक उठली. तुझा विषय वसंतातल्या बैठकीपर्यंत पुढे ढकलला आहे. तोवर तुझं ताट आहे तिथेच आहे. माझं काय होईल ते माहीत नाही. हे माझ्याशी कालपासून बोललेले नाहीत. आज सकाळी मात्र त्यांनी मला विचारलं की ती गोळी बंद केली तर इतकं होतं, हे मला आधी माहीत होतं का. मी म्हटलं, ऑर्फाने लिहून पाठवलं होतं, या क्रमाने. त्यावर ते बराच वेळ जोडे पुसत बसले.

तू मला क्षमा केलीस का, ते विचारायला हे पत्र नाही. पण तू लिहिलंस तर मी वाचेन.

डेलाची पाठ स्वच्छ आहे ना?

सोविला


विस्कॉन्सिन
२१ ऑक्टोबर

वन्सं,

पाठ स्वच्छ आहे. जुनी गोळी कमी करायला सुरुवात झाली. मागच्या आठवड्यात एक छोटी आकडी आली, अगदी थोडी, आणि मी घाबरले, आणि डॉक्टरीणबाईंनी मात्रा बदलली. पुढे काय होईल ते त्यांनाही माहीत नाही आणि मलाही. पण काल तिने टोपलीभर अंडी न फोडता घरी आणली, आणि त्यातलं एक मुद्दाम माझ्यासमोर फोडलं. म्हणाली, हे पाहुण्याने नाही, मीच.

तुमचं पत्र मी तिला वाचून दाखवलं. सगळं, तिसऱ्या कडव्यासकट. ती ऐकत राहिली आणि मग म्हणाली, ‘आत्याने मला काढा पाजला, तो घाण होता.’ एवढंच. नंतर अंथरुणात पडल्यावर विचारलं, ‘आत्या सगळ्यांसमोर ओरडली?’ मी हो म्हटलं. तिला ते फार आवडलं.

आपल्या लोकांत अशा पत्राच्या शेवटी ‘मी मनापासून क्षमा केली’ असं लिहायची पद्धत आहे. कुणी मुलाचा जीव घेतला तरी दुसऱ्या दिवशी लिहितात. मी ते लिहिणार नाही, वन्सं, कारण अजून केलेली नाही. तुम्ही उभ्या राहिलात तेव्हा मी तिथे नव्हते आणि मला तुमचा अभिमान वाटतो. पण डेला जमिनीवर होती तेव्हा मी तिथे होते. दोन्ही खरं आहे आणि एकाने दुसरं पुसलं जात नाही. क्षमा होईल तेव्हा मी स्वतः कळवीन, मंडळीकडून कळणार नाही.

पुढच्या उन्हाळ्यात ती तुमच्याकडे येणार नाही. तुम्ही या. बर्फ पडायच्या आधी या, भाऊजी बोलोत न बोलोत. कोवाल्स्कीबाई तुम्हाला बसस्टँडवरून आणतील, त्यांच्या शिव्यांकडे लक्ष देऊ नका. माडीवरची खोली झाडून ठेवली आहे. सकाळची गोळी तुम्ही द्याल. मी शेजारी उभी राहीन आणि बघेन. तुम्हाला ते आवडणार नाही, आणि मी हलणार नाही.

ऑर्फा